सगळी पुंजी पेन्शनमध्ये अडकवू नका

तुमची मुलगी 17 वर्षांची आहे, तिला बौद्धिक अक्षमता आहे आणि वर्षभरात तिची शाळा संपतेय. तिच्यासाठी साठवलेली सगळी रक्कम एकरकमी भरून तहहयात ठरावीक पेन्शन घ्यावी, असं तुमच्या यजमानांचं म्हणणं. शाळेने सुचवलेल्या, काम आणि रोजचे व्यवहार शिकवणाऱ्या 2 वर्षांच्या प्रशिक्षणावर त्यातला पाचवा हिस्सा खर्च होईल आणि ‘तो गेला तो गेलाच’, ही त्यांची धास्ती.

आपल्यामागे तिचं कसं होणार, ही त्यांची काळजी खरी आहे. उपाय मात्र तोकडा आहे. 72 ला महागाईच्या टक्क्यांनी भागलं, की खर्च किती वर्षांत दुप्पट होतो ते साधारण कळतं. महागाई 6 टक्के धरली, तर 72 भागिले 6, म्हणजे दर 12 वर्षांनी खर्च दुप्पट होतो. मुलगी 65 वर्षांची होईल तेव्हा 48 वर्षं उलटलेली असतील. चारदा दुप्पट म्हणजे 16 पट! पेन्शनचा आकडा तेवढाच राहिला, तर आज जेवढ्यात महिना निघतो तेवढ्यात तेव्हा जेमतेम दोन दिवस निघतील.

प्रशिक्षणाचं म्हणाल, तर ती किती कमावेल यापेक्षा सोबतीच्या माणसाचा खर्च किती वाचेल, ते मी आधी पाहीन. ठरलेल्या बसने ती एकटी जाऊ-येऊ लागली, तर रोजच्या पोचवण्या-आणण्याचा खर्च कित्येक वर्षांसाठी सुटतो.

पण पैसे भरण्याआधी हे शिकवणार कुठे, ते विचारा. वर्गात खोट्या नोटा मोजणारं मूल खऱ्या काउंटरवर गोंधळतं. एका जागी शिकलेलं दुसऱ्या जागी वापरणं या मुलांना जड जातं. शाळेच्या वयातच पगारी कामाचा अनुभव मिळाला, तर पुढे नोकरी लागण्याची शक्यता वाढते, असं संशोधनात वारंवार दिसलंय. प्रत्यक्ष कामाच्या जागी आठवड्याला किती तास? सुरुवातीला तिच्या शेजारी कोण उभं राहणार? उत्तरं गुळमुळीत आली, तर मीसुद्धा यजमानांच्या बाजूने. आणि फी हप्त्यांनीच द्या.

उरलेल्या चार हिश्शांतला मोठा भाग वाढीच्या गुंतवणुकीत राहू द्या. पेन्शन योजना नंतरही घेता येते, आणि वय वाढलेलं असलं की तेवढ्याच रकमेवर साधारणपणे जास्त पेन्शन बसते. रक्कम थेट तिच्या नावावर नको. उत्पन्न पाहून मिळणारी सरकारी मदत त्यामुळे थांबू शकते, शिवाय फसवणाऱ्यांचं फावतं. ट्रस्ट करा, म्हणजे विश्वस्त ती रक्कम तिच्यासाठी सांभाळतील; मृत्युपत्रात त्याचा उल्लेख करा. विश्वस्तांपैकी एक तरी तुमच्यापेक्षा पिढीने लहान हवा.

18 पूर्ण होताच कायदेशीर पालकत्वाचा, म्हणजे तिच्या वतीने निर्णय घेण्याच्या अधिकाराचा, अर्ज करण्याची घाई करू नका. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या 2006 च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारातलं कलम 12 अशा व्यक्तीला स्वतःचे निर्णय घेण्यासाठी आधार द्यायला सांगतं. बँकेत तिचं छोटं खातं उघडा, थोडी रक्कम तिच्या हाताने काढू द्या. चुकेल, चालेल.

तुमच्या एवढ्या लांब पत्रात तिचं म्हणणं कुठेच आलेलं नाही. प्रशिक्षणाची जागा बघायला जाल तेव्हा तिला सोबत न्या, आणि ती तिथे किती वेळ रमते ते बघा.