साध्या टेक्स्ट फाइलींमधून स्वतःचा छोटा मायक्रोब्लॉग कसा बनवावा?

तुमचा प्रश्न असा: गोदाघाटावर फिरताना सुचलेल्या दोन-चार ओळी तुम्ही मोबाइलवर टेक्स्ट फाइलीत लिहिता. वर्डप्रेस वगैरे न वापरता त्यांचा मायक्रोब्लॉग, म्हणजे छोट्या नोंदींचं संकेतस्थळ, बनेल का? पायथन (प्रोग्रॅमिंगची भाषा) जेमतेम येतं. तेवढं पुरे आहे. मीही नाशिकचाच आणि माझ्या नोंदी अशाच चालतात, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी एक गोष्ट पक्की करा. खरा ऐवज म्हणजे ती टेक्स्ट फाइल. संकेतस्थळ ही तिच्यातून केव्हाही पुन्हा काढता येणारी प्रत. हे एकदा मान्य केलं की डेटाबेस लागत नाही, लॉगिन लागत नाही, आणि उद्या होस्टिंग बदललं तरी तुमचं लिखाण तुमच्याकडेच राहतं.

जेकिल, ह्यूगो ही टेक्स्ट फाइलींतून संकेतस्थळ बनवणारी तयार साधनं उत्तम आहेत, पण मोठ्या लेखांसाठी. दोन ओळींच्या नोंदीला दरवेळी वेगळी फाइल करून वर शीर्षक, तारीख भरत बसलात तर आठवड्याभरात लिहिणं सुटेल. ट्विटेक्स्ट ही २०१६ पासूनची पद्धत याहून सुटसुटीत आहे: एका ओळीत वेळ, मग टॅब, मग मजकूर. पण ओळ मोडता येत नाही, त्यामुळे चारोळी लिहिणाऱ्याची पंचाईत होते.

माझ्या मते महिन्याला एक फाइल ठेवावी आणि नवी नोंद खाली जोडत जावी. समजा:

@ २०२५-०७-१२ १८:१०
गंगापूर धरणातून पाणी सोडलंय. दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला लागलं.
रामकुंडावरचे टपरीवाले सामान हलवतायत.

@ ने सुरू होणारी ओळ आली की नवी नोंद सुरू, एवढाच नियम. स्क्रिप्ट (पायथनमधला छोटा प्रोग्रॅम) सगळ्या फाइली वाचते, नोंदी वेगळ्या करते, वेळेनुसार लावते आणि सगळ्यात ताजी वर ठेवून एचटीएमएल पान, म्हणजे ब्राउझरला दाखवता येणारं पान, लिहिते. पन्नास-साठ ओळींत होतं. मजकूर पानात घालण्याआधी पायथनच्या एचटीएमएल मॉड्यूलमधल्या एस्केप या फंक्शनमधून (html.escape) काढा, नाहीतर कुठे ‘<’ लिहिलंत की पानाचा पुढचा भाग विस्कटेल.

आता मराठीचा भाग, जो इंग्रजी ट्युटोरियलमध्ये सहसा सापडत नाही.

फाइल उघडताना एन्कोडिंग (अक्षरं बाइटमध्ये साठवण्याची पद्धत) यूटीएफ-८ असं स्पष्ट सांगा. विंडोजवर न सांगता चाललात तर मजकुराचा कचरा होऊ शकतो. जुन्या नोटपॅडमध्ये सेव्ह केलेल्या फाइलीच्या सुरुवातीला एक न दिसणारं चिन्ह बसतं, त्यामुळे पहिल्या ओळीतला @ स्क्रिप्टला पहिला वाटत नाही आणि पहिलीच नोंद गायब होते. वाचताना एन्कोडिंग यूटीएफ-८-सिग (utf-8-sig) वापरलं की ते चिन्ह गळून पडतं.

तारखेचे आकडे मराठीत लिहिले तरी चालतात. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिपींच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, ० ते ९ ओळीने आहेत, त्यामुळे क्रम बरोबर लागतो. फक्त काही तारखा मराठीत आणि काही इंग्रजीत असं मिसळू नका, क्रम बिघडेल. त्यावर सोपा उपाय म्हणजे वर्ष, महिना, दिवस इंट (int) या फंक्शनमधून काढायचे. त्याला मराठी आकडे थेट वाचता येतात आणि बाहेर साधे इंग्रजी आकडे मिळतात.

हे आकडे नोंदीच्या लिंकसाठीही वापरा. शीर्षकावरून मराठी लिंक करण्याच्या फंदात पडू नका. ‘नाशिक’मध्ये आपल्याला तीन अक्षरं दिसतात, पायथन पाच मोजतं, फाइलीत पंधरा बाइट लागतात, आणि लिंक कॉपी करून कुठे चिकटवली की बरेचदा तेवढ्या एका शब्दाची टक्क्यांच्या चिन्हांनी भरलेली ४५ कॅरॅक्टरं होतात. तारीख-वेळेची लिंक आखूड असते आणि कधीच बदलत नाही. याच कारणासाठी १४० अक्षरांसारखी मर्यादाही स्क्रिप्टमध्ये घालू नका. काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जातात आणि मराठी वाक्याला उगाच कात्री लागते.

पानाची भाषा ‘एमआर’ (mr, म्हणजे मराठी) नोंदवा आणि ओळींमधलं अंतर १.६ च्या आसपास ठेवा, म्हणजे वेलांट्या-उकार एकमेकांना भिडत नाहीत.

तयार फोल्डर गिटहब पेजेस या होस्टिंग सेवेवर फुकट ठेवता येतं. आणि अॅटम फीड (फीड-रीडर ॲपला आपोआप वाचता येणारी नव्या नोंदींची फाइल) नक्की काढा, म्हणजे वाचणाऱ्याला रोज येऊन बघावं लागत नाही. त्यात वेळ इंग्रजी आकड्यांतच लागते आणि शेवटी भारतीय वेळेसाठी +05:30 जोडावं लागतं. ते विसरलात तर फीड वैध ठरत नाही, आणि काही रीडर तुमची संध्याकाळची नोंद रात्री उशिराची म्हणून दाखवतील.