कॅपॅसिटर फुगतात, न्यूट्रल तापतो, पंप घुरघुरतो

वाचकांचे प्रश्न : विजेची प्रत

या वेळची बहुतेक पत्रं एकाच दुखण्याची आहेत. वीज आहे, पण नीट नाही. उद्यमबागेत पॅनेल आणि ड्राइव्हच्या दुरुस्तीत माझी उमेदीची वर्षं गेली, त्यामुळे ही पत्रं वाचताना समोर ती पॅनेल्सच दिसत होती. पहिल्या पत्राला बरीच जागा दिली आहे, कारण त्या दुखण्यात माणसं चुकीच्या औषधावर पैसे घालवताहेत.

आमच्या फाउंड्रीत ३५० किलोवॅटची इंडक्शन फर्नेस आहे, ट्रान्सफॉर्मर स्वतःचा, ५०० केव्हीएचा. पॉवर फॅक्टरचा दंड येऊ लागला म्हणून ४०० केव्हीएआरचं ऑटोमॅटिक कॅपॅसिटर पॅनेल बसवलं. वर्षाच्या आतच कॅपॅसिटर फुगले, फ्यूज उडतात आणि दंडही पूर्ण गेला नाही. विक्रेता म्हणतो, अजून कॅपॅसिटर वाढवा. वाढवू का?
– एक कारखानदार, उद्यमबाग, बेळगाव

थांबा. एकही वाढवू नका. पॉवर फॅक्टर म्हणजे घेतलेल्या विजेपैकी (केव्हीए) किती भाग खऱ्या कामाला (किलोवॅट) लागतो, त्याचं प्रमाण. कॅपॅसिटर पुरवतो ती काम न करणारी वीज केव्हीएआरमध्ये मोजतात.

तुमच्या फर्नेसच्या तोंडाशी सहा थायरिस्टरचा, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विचचा, रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा भाग) असणार. तो लाइनमधून गुळगुळीत लाटेसारखा करंट घेत नाही, तुकड्या-तुकड्यानं ओढतो. त्या तुकड्यांमध्ये ५० हर्ट्झबरोबर त्याच्या ५ पट, ७ पट, ११ पट, १३ पट वारंवारतेचे करंट मिसळलेले असतात. यांनाच हार्मोनिक्स म्हणतात. पाचवा म्हणजे २५० हर्ट्झ, सातवा म्हणजे ३५० हर्ट्झ. सगळ्यांत जोरदार हेच दोघे.

आता तुमचा ट्रान्सफॉर्मर बघू. त्याच्या पाटीवर इम्पीडन्स (करंटला होणारा अडथळा) लिहिलेला असतो, तो ५ टक्के धरू. मग त्याची शॉर्टसर्किट क्षमता होते १०,००० केव्हीए. तिला चालू असलेल्या कॅपॅसिटरच्या केव्हीएआरनं भागा आणि वर्गमूळ काढा. २०० केव्हीएआर चालू असतील तर उत्तर येतं ७. सगळे ४०० चालू असतील तर येतं ५. हिशेब ढोबळ आहे, ११ केव्हीची बाजू भक्कम धरून केलेला, पण त्यातून काय कळतं ते पाहा. पॅनेल एकेक पायरी चढतं तसा ट्रान्सफॉर्मर आणि कॅपॅसिटर यांच्या जोडीचा स्वतःचा ठेका आधी सातव्या हार्मोनिकवर येतो, मग पाचव्यावर, आणि तुमची फर्नेस नेमके हेच दोन तयार करते. पंचमीच्या झोक्याला बरोबर वेळेवर रेटा दिला की तो किती उंच जातो! इथं झोका म्हणजे कॅपॅसिटरमधला करंट. तो वाढत जातो, कॅपॅसिटर तापतो, फुगतो, एक दिवस फुटतो. अजून कॅपॅसिटर लावले तर ठेका फक्त दुसरीकडे सरकेल आणि तिथं काय भेटेल, ते मोजल्याशिवाय सांगता येत नाही.

यावर पहिला इलाज प्रत्येक पायरीला ७ टक्क्यांचा रिॲक्टर, म्हणजे कॅपॅसिटरशी मालिकेत जोडायची कॉइल. त्यानं त्या पायरीचा ठेका १८९ हर्ट्झवर येतो, म्हणजे पाचव्याच्या बराच खाली, आणि झोक्याला रेटा बसत नाही. मात्र सध्याच्या ४४० व्होल्टच्या कॅपॅसिटरपुढं रिॲक्टर जोडून मोकळे होऊ नका. रिॲक्टर लागला की कॅपॅसिटरवरचं व्होल्टेज साडेसात टक्के वाढतं, ४४० चे ४७३ होतात. त्यामुळे कॅपॅसिटर निदान ४८० व्होल्टचे हवेत, ५२५ चे मिळाले तर उत्तम. माच्छेच्या एका कारखान्यात जुन्याच कॅपॅसिटरपुढं नवे रिॲक्टर लावलेले मी पाहिले आहेत. तिथले कॅपॅसिटर पूर्वीपेक्षा लवकर गेले.

राहिलेल्या दंडाचं काय? पॉवर फॅक्टर बिघडायची कारणं दोन. करंट व्होल्टेजच्या मागं पडतो, हे एक, आणि ते कॅपॅसिटरनं सुधारतं. करंटचा आकारच बिघडलेला असतो, हे दुसरं. त्याला कॅपॅसिटर काही करू शकत नाही. करंट अजिबात मागं पडत नसला तरी विकृती (मूळ करंटच्या तुलनेत हार्मोनिक्स) ३० टक्के असेल तर खरा पॉवर फॅक्टर ०.९६ च्या वर जात नाही, ६० टक्के असेल तर ०.८६ वरच अडकतो. तुमचा मीटर यातलं काय धरतो, ते बिलिंगच्या माणसाला विचारून घ्या. शिवाय फर्नेस कमी ताकदीवर चालवताना थायरिस्टर उशिरा उघडतात, करंट आणखी मागं पडतो आणि हे मिनिटामिनिटाला बदलतं. कॉन्टॅक्टरवर (चुंबकी स्विचवर) चालणारं पॅनेल त्या वेगाला पुरं पडत नाही.

दुसरा इलाज ॲक्टिव्ह फिल्टरचा. तो फर्नेसचा करंट सीटीवरून (करंट मोजणाऱ्या लहान ट्रान्सफॉर्मरवरून) सतत वाचतो, त्यातला हार्मोनिकचा भाग वेगळा काढतो आणि बरोबर उलट्या आकाराचा करंट आयजीबीटी नावाच्या इलेक्ट्रॉनिक स्विचमधून लाइनमध्ये सोडतो. दोघं मिळून लाइनकडून स्वच्छ करंट मागितला जातो. हा फिल्टर फर्नेसएवढा मोठा लागत नाही. तुमचा पूर्ण भाराचा करंट साधारण ५०० अँपिअर. त्यात २८ टक्के हार्मोनिक असतील तर ते होतात १४० अँपिअर, म्हणजे १५० अँपिअरचा फिल्टर पुरतो. हा २८ चा आकडा मी उदाहरणाला घेतला आहे, तुमचा आकडा मोजूनच काढा.

आणि एक कळकळीनं सांगतो. पुढं नवी फर्नेस घ्याल तेव्हा १२ पल्सची, म्हणजे दोन रेक्टिफायरची घ्या. तिला दोन सेकंडरींचा ट्रान्सफॉर्मर लागतो, खर्च वाढतो, पण दोन रेक्टिफायरमध्ये ३० अंशांचा फरक ठेवल्यामुळे पाचवा आणि सातवा एकमेकांना जवळजवळ मारून टाकतात. घाण झाल्यावर ती काढत बसण्यापेक्षा हे केव्हाही बरं. तुमची घाण तुमच्या भिंतीआड राहत नाही. ती ११ केव्हीच्या लाइनवर जाते आणि त्याच फीडरवरच्या शेजाऱ्याच्या कॅपॅसिटरमध्ये शिरते.

काका, हार्मोनिक्स तयार करतं ते पॉवर इलेक्ट्रॉनिक्स आणि काढतंही तेच, हे कसं?
– इंजिनिअरिंगची एक विद्यार्थिनी, टिळकवाडी

छान विचारलंस. डायोड स्वतः काही ठरवत नाही, व्होल्टेज वर गेलं की उघडतो. थायरिस्टर कधी उघडायचा ते आपण सांगू शकतो, पण बंद तो करंट शून्यावर आल्यावरच होतो. आयजीबीटी मात्र आपण म्हणू तेव्हा उघडतो आणि म्हणू तेव्हा बंद होतो, तेही सेकंदाला हजारो वेळा. त्यामुळे त्याच्याकडून हवा त्या आकाराचा करंट काढून घेता येतो. कोणता आकार हवा, हे क्षणोक्षणी काढायची एक सुरेख पद्धत जपानचे आकागी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये मांडली. पी-क्यू सिद्धांत म्हणून तुला ती अभ्यासात भेटेल, मन लावून शिक. वितरणाच्या जाळ्यात ग्राहकाच्या गरजेप्रमाणे अशी साधनं बसवायच्या कल्पनेला ‘कस्टम पॉवर’ हे नाव दिलं ते अमेरिकेत काम केलेले भारतीय वंशाचे अभियंता हिंगोराणी यांनी.

डी-स्टॅटकॉम म्हणजे आयजीबीटीवर चालणारं, कॅपॅसिटरसारखे केव्हीएआर देणारं यंत्र. त्याची खुबीही यातच आहे. व्होल्टेज ८० टक्क्यांवर आलं की साधा कॅपॅसिटर आपल्या क्षमतेच्या ६४ टक्केच देतो, कारण त्याचं देणं व्होल्टेजच्या वर्गावर चालतं. स्टॅटकॉम त्याच वेळी ८० टक्के देतो. मदतीची गरज जास्त असते तेव्हाच कॅपॅसिटर ढिला पडतो, तिथं हा टिकतो.

साहेब, आमचा ५ एचपीचा पंप टीसीपासून (ट्रान्सफॉर्मरपासून) लांब, लाइनच्या शेवटाला आहे. थ्री फेज आली की व्होल्टेज ३४० दाखवतं, मोटर घुरघुरते, वाइंडिंग दोनदा जळालं. भाचा म्हणतो डी-स्टॅटकॉम बसवला की व्होल्टेज चढतं. खरं का?
– एक शेतकरी, खानापूर तालुका

दादा, भाच्याचं शिक्षण खरं आहे, पण तुमच्या लाइनला ते औषध अर्धंमुर्धंच लागू पडेल.

कागद घेऊन बसू. तुमच्यासारखे सहा पंप, म्हणजे लाइनवर सुमारे २८ किलोवॅट आणि २१ केव्हीएआर. ताराची लाइन एक किलोमीटर, साधारण रॅबिट कंडक्टरची (हा तारेचा एक प्रकार). सगळा भार शेवटाला धरला तर व्होल्टेज सुमारे ५६ नं पडतं. ४०० चे ३४४ झाले, म्हणजे तुमच्या मीटरच्या जवळच आलो. या ५६ पैकी ३८ जातात ते ताराच्या रेझिस्टन्समुळे, किलोवॅट वाहताना. केव्हीएआरमुळे जातात फक्त १७ च्या आसपास. डी-स्टॅटकॉम तेवढे १७ परत देईल, ३८ तसेच राहतील. मोठ्या लाइनवर रिॲक्टन्स (केव्हीएआरला आडवा येणारा अडथळा) जास्त असतो, तिथं तो कमाल करतो. गावातल्या बारीक ताराच्या लाइनवर नाही.

आणि त्या १७ पैकी निम्म्याच्या आसपास तर साध्या कॅपॅसिटरनंही मिळतात. प्रत्येक ५ एचपीच्या मोटरला २ केव्हीएआरचा कॅपॅसिटर, स्टार्टरच्या पुढं, मोटरबरोबर चालू-बंद होईल असा. आपल्या कर्नाटकात १० एचपीपर्यंतच्या शेतीपंपाला वीज मोफत, त्यामुळे पॉवर फॅक्टरचा दंड कुणाच्या घरी येत नाही आणि निघालेला कॅपॅसिटर परत बसवायला कुणी जात नाही. पण तो सहाही पंपांना लागला तरच फायदा आहे, एकट्या तुमच्या पंपानं नाही. एक संध्याकाळ सहा घरं बसून हे ठरवा.

दुसरं, सगळ्यांचे ऑटो-स्टार्टर. वीज आली की सहा मोटरी एकाच क्षणी उठतात आणि प्रत्येक पाच-सहा पट करंट ओढते. त्यात शेवटचा पंप अडकून पडतो, घुरघुरतो आणि जळतो. प्रत्येक स्टार्टरला वेगळ्या वेळेचा टायमर बसवा, पहिल्याला एक मिनिट, दुसऱ्याला दोन, असं. याचा खर्च फार थोडा.

तिसरं, सिंगल फेजच्या वेळी कॅपॅसिटर लावून थ्री फेज मोटर चालवायची पद्धत आपल्याकडे आहे. कृपा करून ती सोडा. तिन्ही फेजच्या व्होल्टेजमध्ये टक्काभर फरक पडला तर मोटरच्या करंटमध्ये सहा ते दहा टक्के फरक पडतो. एकाचा पाण्याचा प्रश्न सुटतो, पण त्याच टीसीवर त्या वेळी थ्री फेजवर काही चालू असेल तर त्याचं वाइंडिंग तापतं.

खरा इलाज तारेचा आहे. ११ केव्हीची लाइन पंपांजवळ न्यायची आणि तिथं सहा पंपांचा भार पेलेल एवढा लहान टीसी बसवायचा. तेवढ्याच विजेला ११ केव्हीवर करंट २७ पट कमी लागतो, मग लाइनमध्ये व्होल्टेज पडायचं कारणच उरत नाही. सहाही जणांच्या सहीचा एकच अर्ज करा आणि सोबत आठ दिवसांची व्होल्टेजची नोंद जोडा, सकाळ-दुपार-रात्र, तारखेसह. नुसत्या तक्रारीसारखा आकड्यांचा कागद सहज बाजूला ठेवता येत नाही.

शेजारच्या कारखान्यातली मोठी मोटर सुरू झाली की आमचे कंट्रोलरवाले माग बंद पडतात, धागा तुटतो. बोर्डातला न्यूट्रलही गरम लागतो. पूर्ण शेडला स्टॅबिलायझर घेऊ का?
– यंत्रमागधारक, वडगाव

व्होल्टेजचा हा खड्डा पापणी लवेपर्यंत संपतो, सर्व्हो स्टॅबिलायझर जागा होईपर्यंत तो भरूनही निघालेला असतो. पैसे जातील. खड्डा भरून काढणारं डीव्हीआर नावाचं यंत्र असतं, ते लाइनमध्ये मालिकेत बसतं, पण तुमच्या शेडला ते फार महाग पडेल. मागाची मोटर एवढ्या खड्ड्यात थांबत नाही. थांबतो तो कंट्रोलर आणि कॉन्टॅक्टरची कॉइल. तेवढ्याच भागाला लहान यूपीएस किंवा सीव्हीटी (व्होल्टेज स्थिर ठेवणारा ट्रान्सफॉर्मर) द्या. सीव्हीटी घेतलात तर भाराच्या अडीच पट क्षमतेचा घ्या, काठोकाठ भरलेला सीव्हीटी खोल खड्ड्यात हात टेकतो.

न्यूट्रल गरम लागतो, याला एलईडी आणि कंट्रोलरचे पॉवर सप्लाय कारण असू शकतात. त्यांचा तिसरा हार्मोनिक तिन्ही फेजमधून येऊन न्यूट्रलमध्ये बेरीज होतो, आणि फेज सारखे वाटून दिले तरी बेरीज मोडत नाही. वाईट वेळी न्यूट्रलमध्ये फेजपेक्षा जास्त करंट असतो. ट्रू आरएमएस क्लॅम्प मीटरनंच मोजा, साधा मीटर अशा करंटला कमी दाखवतो. जास्त निघाला तर न्यूट्रलची केबल दुप्पट करा. आणि त्याआधी आजच बोर्डातला न्यूट्रलचा स्क्रू तपासून घ्या. तो सुटला तर २३० च्या जागी चारशेच्या जवळ व्होल्टेज येऊन सगळे कंट्रोलर एका दमात जातील.

मोजा, मोजा म्हणता. नेमकं काय आणि किती दिवस मोजायचं?
– बऱ्याच पत्रांतून

पॉवर क्वालिटी ॲनालायझर भाड्यानं मिळतो. पूर्ण आठवडा लावा, दर १० मिनिटांच्या सरासरीनं, आणि व्होल्टेजचे खड्डे वेगळे नोंदवायला सांगा. विक्रेत्यानं अर्धा तास लावून काढलेल्या कागदावर खरेदी करू नका. क्लॅम्प मेन इनकमरवर लावा आणि जमल्यास एक संच कॅपॅसिटरच्या फीडरवर. मोजणीत कारखान्याच्या सुट्टीचा दिवस आलाच पाहिजे, आणि त्या दिवशी कॅपॅसिटरच्या एक-दोन पायऱ्या मुद्दाम थोडा वेळ चालू ठेवा. फर्नेस बंद असूनही कॅपॅसिटरमध्ये पाचवा हार्मोनिक भरपूर दिसला, तर तो फीडरवरून, बाहेरून येतोय. मग तुमच्या फर्नेसपुढं कितीही मोठा फिल्टर लावला तरी कॅपॅसिटर फुगायचे थांबणार नाहीत. अशा वेळी आधी रिॲक्टर, आणि तोच कागद घेऊन शेजाऱ्याच्या दारात.