स्विंग आधी वाजला की आधी नाचला?

प्रश्न : 'अलबेला'ची गाणी लागली की आमचे काका म्हणतात हा स्विंग. म्हणजे जॅझच ना? आणि जुन्या क्लिप्समध्ये जोडीदाराला डोक्यावरून उडवतात, तो नाच त्याच्याबरोबरच आला का? – एक वाचक, मिरज

उत्तर : जॅझच, पण नाचणाऱ्यांसाठी बांधलेला. 1924 मध्ये ट्रम्पेटवाला लुई आर्मस्ट्राँग न्यूयॉर्कला फ्लेचर हेंडरसनच्या बँडमध्ये आला आणि तिथल्या लोकांचं वाजवणंच बदललं. पुढे बँड मोठे झाले, ट्रम्पेट-ट्रॉम्बोन एकीकडे, सॅक्सोफोन दुसरीकडे, मध्ये लावणीतल्यासारखे सवाल-जवाब, टूबा जाऊन डबल बेस आला आणि तो चारही ठोके चालवायला लागला, त्यात ठोक्याचा पहिला भाग लांब, दुसरा आखूड, मग पाय कसले थांबतात!

नाच हार्लेमचा, म्हणजे न्यूयॉर्कमधल्या काळ्यांच्या वस्तीतला. 1926 ला तिथे सॅव्हॉय बॉलरूम सुरू झालं, काळे-गोरे एकाच फ्लोअरवर, त्या काळच्या अमेरिकेत हे फार कमी ठिकाणी चालायचं. चार्ल्सटन आणि ब्रेकअवे (यात जोडी हात सोडून जरा वेळ आपापलं नाचते) या नाचांतून तिथे तुम्ही म्हणता तो नाच, लिंडी हॉप, तयार झाला. उडवाउडवी नंतरची, 1935 च्या आसपास सॅव्हॉयचा नाचणारा फ्रँकी मॅनिंग याने एका स्पर्धेत आपली जोडीदार फ्रीडा वॉशिंग्टनला पाठीवरून उलटं घेतलं तेव्हाची. सॅव्हॉयचा ड्रमर चिक वेब तर नाचणाऱ्यांच्या स्टेप्स बघून वाजवायचा, त्यामुळे कोणी कोणाला शिकवलं हे वेगळं काढताच येत नाही. बरेच जण स्विंगचा जमाना ऑगस्ट 1935 पासून मोजतात, क्लॅरिनेटवाल्या बेनी गुडमनचा बँड लॉस एंजेलिसच्या पालोमार बॉलरूममध्ये गाजला म्हणून. मला नाही पटत. ज्या गाण्यांवर तो हिट झाला त्यातल्या कितीतरी अरेंजमेंट्स (कोणी कधी काय वाजवायचं याची बांधणी) हेंडरसनच्याच होत्या की!

मग युद्ध आलं, वाजवणारे सैन्यात गेले, 1942 ला वादकांच्या युनियनची रेकॉर्डिंगबंदी, 1944 ला नाचाच्या क्लबांवर 30 टक्के कर (नंतर 20 केला), आणि बीबॉप हा नवा, वेगवान जॅझ आला तो बसून ऐकायचा. मॅनिंग पोस्टात नोकरीला लागला, 1980 च्या दशकात अमेरिकेतली आणि स्वीडनमधली पोरं त्याला शोधत आली तेव्हा परत शिकवायला लागला.

मुंबईत हे संगीत 1930 च्या दशकात ताजमध्ये वाजवणाऱ्या लिऑन ॲबी, टेडी वेदरफोर्ड अशा काळ्या अमेरिकन वादकांमुळे पोचलं, गोव्याच्या वादकांनी ते उचललं, त्यातलाच ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट पुढे 'अलबेला'साठी सी. रामचंद्रांबरोबर होता. तेव्हा काका बरोबर आहेत. भगवानदादांचा नाच मात्र लिंडी हॉप नाही हं, तो त्यांचा स्वतःचा.