आधी हाताचं माप, मग पाउंड

तुझा प्रश्न वाचला. ऑगस्टमध्ये नोकरीसाठी अमेरिकेत, विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसनला येणार, कॉलेजात तीन वर्षं इंडियन राउंड स्पर्धेचं बांबूचं धनुष्य चालवलेलं, आणि इथे आल्यावर हरणाच्या शिकारीला जायचंय. कंपाउंड बो, म्हणजे दोन्ही टोकांना चाकं असलेलं धनुष्य, नागपूरहूनच घेऊन येऊ का, हा एक प्रश्न. दुसरा असा की तुझा होणारा सहकारी म्हणतो 60 पाउंडाखालच्या धनुष्याने हरीण पडतच नाही, ते खरं का. मी नागपूरच्या नंदनवनची, नऊ वर्षं झाली विस्कॉन्सिनात. त्यातल्या सात हंगामांत धनुष्य घेऊन जंगलात बसले आहे, त्यामुळे थोडं सविस्तरच सांगते.

नागपूरहून आणू नकोस. चेक-इन सामानातून धनुष्य येतं, अडचण ती नाही. आपल्याकडे जे कंपाउंड मिळतात ते बाहेरून मागवलेले, महाग, आणि बहुतेक निशाण्याच्या स्पर्धेचे असतात. लांब, स्थिर, 38-40 इंची. झाडावरच्या मचाणात बसून, फांद्यांच्या मधून तेवढं लांब धनुष्य फिरवता येत नाही. शिकारीचं धनुष्य एका चाकाच्या आसापासून दुसऱ्याच्या आसापर्यंत 30 ते 33 इंचांचं असतं.

आता 60 पाउंडांचं. धनुष्याचं वजन पाउंडांत सांगतात ते दोरी ओढायला लागणारा जोर, धनुष्याचा स्वतःचा भार नव्हे. आपल्या नागपूरचा ओजस देवतळे 2023 मध्ये बर्लिनला कंपाउंडमध्ये जगज्जेता झाला, तो 50 मीटरवरून बाण मारतो. त्या स्पर्धेत 60 पाउंड ही वरची मर्यादा आहे, त्यापुढे जाताच येत नाही. आणि विस्कॉन्सिनात हरणासाठी कायद्याने लागणारं किमान वजन आहे 30 पाउंड. 40-45 पाउंडांचं धनुष्य, बाणाच्या टोकाला धारदार पातं आणि 20 यार्डांच्या आतलं अंतर, एवढ्यावर बाण हरणाच्या छातीतून आरपार जातो. मी स्वतः 45 वर आहे.

पण पाउंडांच्या आधी ड्रॉ लेंथ, म्हणजे दोरी पूर्ण ओढल्यावर किती इंच मागे येते ते. बांबूच्या धनुष्यात तू ओढशील तेवढं ते येतं. कंपाउंडमध्ये तसं नाही. त्याची चाकं ठरलेल्या जागी थांबतात, तिथे भिंतीला टेकल्यासारखं वाटतं, आणि ती भिंत तुझ्या हाताच्या मापाची नसेल तर नेम कधीच बसत नाही. भिंतीला पाठ लावून उभी राहा, दोन्ही हात सरळ पसर, मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत इंचात माप घे आणि 2.5 ने भाग. माझं माप 62 इंच, म्हणजे जवळपास 25. हा अंदाज असतो, अर्धा इंच इकडेतिकडे दुकानात ठरतो.

हे मला माहीत नव्हतं. पहिलं धनुष्य मी एका माणसाकडून जुनं घेतलं. 27 इंच आणि 55 पाउंडांवर बसवलेलं. स्वस्त होतं आणि दिसायला फार देखणं होतं. दोन इंच जास्त, म्हणून मी मागे रेलून ओढायचे, कोपर आत वळायची आणि दोरी दर तिसऱ्या बाणाला हाताला चाटून जायची. कातडी हिरवीनिळी झाली तरी मला वाटायचं सवय होईल. अंगणात उभं राहून, टी-शर्टात, ते जमायचंही. मग नोव्हेंबरमध्ये उणे आठ तापमानात, तीन थर कपडे घालून, दोन तास न हलता बसल्यावर समोर हरिणी आली. 18 यार्ड, आडवी उभी, याहून चांगली संधी नसते. मला बसून धनुष्य ओढवेना. वर आभाळाकडे करून हिसका देत ओढलं, हात थरथरत होते, आणि बाण फुप्फुसाच्या बराच मागे, पोटात लागला. रात्री एकपर्यंत टॉर्च घेऊन रक्ताचे थेंब शोधले. दुसऱ्या दिवशीही गेले. ती सापडली नाही.

त्या हरिणीचं मला अजून वाईट वाटतं. म्हणून तुला कळकळीने सांगते, पाउंड निवडताना एकच परीक्षा घे. खुर्चीवर बस, दोन्ही पाय जमिनीवरून उचल, आणि धनुष्य निशाण्याच्या रेषेत ठेवून सरळ मागे ओढ. वर झुकवायचं नाही, हिसका नाही. मग अर्धा मिनिट धरून ठेव. हे जॅकेट घालून, अंग न तापवता जमलं तर ते वजन तुझं. नाही जमलं तर पाच पाउंड उतर. अर्धा मिनिट ऐकून घाबरू नकोस. कंपाउंडमध्ये लेट-ऑफ असतो. सुरुवातीला पूर्ण वजन लागतं, पण चाकं फिरून झाली की 80 टक्के ओझं उतरतं. 45 पाउंडांचं धनुष्य शेवटी हातात 9 पाउंड उरतं. तुझ्या बांबूच्या धनुष्यात हे सुख नव्हतं, तिथे ओढशील तितकं जड होत जायचं.

मग कोणतं घ्यायचं? सुरुवातीला ज्याची ड्रॉ लेंथ आणि वजन दोन्ही मोठ्या पल्ल्यात बदलता येतात असंच घे. डायमंड कंपनीचं जुनं मॉडेल इन्फिनिट एज प्रो 13 ते 31 इंच आणि 5 ते 70 पाउंडांपर्यंत जुळतं. बेअर कंपनीचं, तेही जुनंच, क्रूझर जी-टू 12 ते 30 इंच आणि तेवढंच वजन. अशी धनुष्यं नेम धरायची साइट, बाण टेकवायचा रेस्ट आणि भाता यांच्यासकट साधारण चारशे-पाचशे डॉलरच्या घरात मिळतात. मॅथ्यूज कंपनी इथे विस्कॉन्सिनातच, स्पार्टा गावी आहे, तिची धनुष्यं सुंदर आहेत, पण हजाराच्या पुढचं पहिल्याच वर्षी घेऊ नकोस. आणि आपल्यासारख्या कमी उंचीच्या बायकांनी आधी विचारायचं की हे मॉडेल 25 इंचांपर्यंत खाली येतं का. अनेक महागडी मॉडेलं येत नाहीत.

ऑनलाइन मागवू नकोस. ज्या दुकानात मागे रेंज आहे आणि धनुष्य दाबून उघडायचा प्रेस आहे, तिथे जा. तीन-चार धनुष्यं मारून बघ. वाचलेले पैसे चांगल्या रिलीजवर खर्च कर, म्हणजे मनगटाला बांधून ज्याच्या ट्रिगरने दोरी सोडतात त्याच्यावर. तू बोटांनी सोडायला शिकलीस, ती सवय मोडायला महिना जाईल. बाणांचा कडकपणा, ज्याला स्पाइन म्हणतात, तो तुझ्या धनुष्याच्या वजनाला आणि बाणाच्या लांबीला जुळवून दुकानदार तक्त्यावरून देईल. कमी पाउंडांवर उघडझाप होणारी यांत्रिक पाती टाळ. ती उघडण्यातच बाणाचा जोर जातो. अचल, दोन धारांचं पातं घे आणि वस्तऱ्यासारखं धारदार ठेव.

आणखी एक, देशी घरासाठी. पाहुणे येतात, भिंतीवरचं धनुष्य बघतात, "बघू दे ना" म्हणून ओढतात आणि बाण न लावताच सोडून देतात. बाण नसला की सगळा जोर धनुष्याच्याच वाकणाऱ्या पट्ट्यांवर परततो. पट्टी तडकते, दोरी तुटून तोंडावर येऊ शकते. धनुष्य कपाटात, कुलपात ठेव.

कागदपत्रांचं थोडक्यात. विस्कॉन्सिनात सलग 30 दिवस राहिलीस की रहिवासी म्हणून परवाना मिळतो, तो बाहेरच्यांपेक्षा खूपच स्वस्त. 1 जानेवारी 1973 ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना हंटर एज्युकेशनचा कोर्स लागतो, जागा भरतात, आल्याआल्या नाव घाल. तात्पुरत्या व्हिसावर बंदूक बाळगण्याचे केंद्रीय नियम कडक आहेत, धनुष्य त्या कायद्यात बंदूक धरलं जात नाही. धनुष्याचा हंगाम सप्टेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत. नोव्हेंबरात बंदुकीचा हंगाम सुरू असेल तेव्हा धनुष्यवाल्यांनीही भडक केशरी किंवा गुलाबी घालायचं. मचाणावर चढताना पूर्ण अंगाचा पट्टा जमिनीवरूनच बांधायचा, आणि धनुष्य खाली ठेवून नंतर दोरीने वर ओढायचं.

घरच्यांचं विचारलं आहेस. आपल्याकडे 1972 च्या कायद्यापासून शिकार बंद, पेंचला जीपमधून चितळ बघत आपण मोठ्या झालो, त्यामुळे आईला हे ऐकवणं जड जातं. माझ्या आईला मी मटण दाखवलं. एका मध्यम हरिणीचं हाडाविना 15-20 किलो निघतं, चरबी जवळपास नाही. साओजी मसाल्यात मंद आचेवर दोन तास शिजवलं की फार छान लागतं. पण खाण्याआधी तपासणी करून घे. इथल्या हरणांत 2002 पासून सीडब्ल्यूडी नावाचा मेंदूचा रोग आहे, तपासणी राज्याकडून फुकट होते, आणि अहवाल येईपर्यंत मटण फ्रीझरमध्येच ठेवायचं.

आता भिंतीला उभी राहा, माप घे आणि आकडा मला कळव. उजवा डोळा मुख्य की डावा, तेही बघून सांग. आलीस की पहिल्या शनिवारी दुकानात आपण दोघी जाऊ.