नाजूक धार्मिक प्रश्नांवर उघडपणे बोलल्याने तेढ वाढते का?

धर्माशी निगडित नाजूक विषय चारचौघांत काढल्याने सलोखा बिघडत असेल, तर ते न काढलेलेच बरे नाही का, असे आपण विचारले आहे. मला तसे वाटत नाही. मात्र ज्यांना उद्या सकाळी पुन्हा एकाच गल्लीतून जायचे आहे, अशा माणसांनी समोरासमोर बसून बोलावे, ही माझी अट आहे.

भिवंडीत मे 1970 मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीवेळी दंगल उसळली आणि 1984 मध्ये पुन्हा रक्तपात झाला. पुढे पोलीस उपायुक्त म्हणून तेथे आलेल्या सुरेश खोपडे यांनी वस्तीवस्तीत सुमारे 70 मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. एरवी शांतता समितीत प्रतिष्ठित मंडळी सणाच्या तोंडावर जमतात, सलोख्याची भाषणे करतात आणि मनातली अढी तशीच घेऊन घरी जातात. या मोहल्ला कमिट्यांत मात्र हिंदू-मुस्लिम दोन्ही समाजांतील साधी माणसे होती आणि त्यांच्या बैठका सण नसतानाही होत. बाबरी मशीद पाडली गेल्यानंतर मुंबई पेटली, पण भिवंडी शांत राहिली. दोन दंगलींत यंत्रमाग बंद पडून काय हाल होतात, हे लोकांनी भोगले होते, तेही एक कारण असावे असे मला वाटते. पुढे कमिट्यांचे काम मंदावले, आणि जुलै 2006 मध्ये कब्रस्तानालगतच्या जागेवरील पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून तेथे पुन्हा माणसे मेली, त्यांत दोन पोलीसही होते.

आमच्या गावातील अशा एका बैठकीला मी हजर होतो. एक वयस्कर चाचा उभे राहून म्हणाले, "तुमची मिरवणूक दर वर्षी नेमकी मशिदीसमोरच पाव तास थांबते, हे आम्हाला मुद्दाम केल्यासारखे वाटते." मंडळाचे कार्यकर्ते गोंधळले, कारण त्या वळणावर विजेच्या तारा खाली आलेल्या असल्याने मूर्तीचा मुकुट अडू नये म्हणून पोरे बांबूने तारा उचलून धरतात आणि तोवर गाडा हलत नाही, हे त्यांच्या दृष्टीने सांगण्यासारखे काही नव्हतेच. इतकी वर्षे एका बाजूला तो अपमान होता आणि दुसऱ्या बाजूला तारांची अडचण. तारा उंच करण्याचा अर्ज त्याच सतरंजीवर लिहिला गेला आणि त्यावर पहिली सही चाचांनी केली.

सगळेच गैरसमज नव्हते, हेही सांगितले पाहिजे. तेथे थांबल्यावर दिल्या जाणाऱ्या घोषणा मुद्दाम दिल्या जातात, हे मंडळाच्या एका तरुणाने मान खाली घालून कबूल केले, आणि भोंग्याच्या आवाजाबद्दलची आपली तक्रारही त्याने पहिल्यांदाच मुस्लिम शेजाऱ्यांसमोर बोलून दाखवली. त्या दोन्ही गोष्टींवर त्या रात्री तोडगा निघाला नाही. त्यासाठी पुढच्या महिन्यात पुन्हा बसायचे ठरले आणि दोन्हीकडचे लोक आले.