लांब इंग्रजी चित्रपटांतील मध्यंतर का नाहीसे झाले?

अमेरिका-युरोपात लांब चित्रपटांचे मध्यंतर मुख्यतः दिवसभरात अधिक खेळ बसावेत म्हणून गेले. मध्यंतराचा संबंध रीळ बदलण्याशी जोडला जातो, पण दोन प्रोजेक्टर आळीपाळीने चालवून सुमारे २० मिनिटांचे रीळ न थांबता बदलण्याची सोय तिथे पूर्वीपासूनच होती. ‘गॉन विथ द विंड’ (१९३९) किंवा ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ (१९६२) यांचे मध्यंतर चित्रपटातच आखलेले होते. पुढे अशा चित्रपटांचे आगाऊ आरक्षणाचे भव्य खेळ बंद पडले, बहुपडदा चित्रगृहे आली आणि विश्रांतीची मिनिटे वाचवणे फायद्याचे ठरले. नाशिकमधील एका चित्रगृहाच्या प्रोजेक्शन खोलीत काम केल्यामुळे आपल्याकडची बाजू मी जवळून पाहिली आहे: हिंदी-मराठी पटकथेत मध्यंतराची जागा बहुधा लिहितानाच ठरते, परंतु इंग्रजी चित्रपटाला ते चित्रगृहच लावते, त्यामुळे कधी पात्राचे वाक्य अर्ध्यावर तुटते, दिवे लागतात आणि लोक पॉपकॉर्नच्या रांगेकडे वळतात, हे मला फार खटकते. तिकडेही मध्यंतर पूर्णपणे संपलेले मात्र नाही. ‘द ब्रूटलिस्ट’मध्ये (२०२४) दिग्दर्शकाने १५ मिनिटांचे मध्यंतर मुद्दाम ठेवले आहे.