‘रिडिम’ म्हणजे चाल का?

विचारणा अशी: जमैकाच्या डान्सहॉल संगीतातल्या ‘दिवाळी रिडिम’ला मराठीत ‘दिवाळीची चाल’ म्हटलं तर चालेल का? आणि रिडिम म्हणजे ‘रिदम’चाच अपभ्रंश ना?

दुसरा प्रश्न सोपा. उच्चारापुरतं हो. जमैकाच्या पातवा बोलीत ‘दॅट’चं ‘डॅट’ होतं, तसं ‘रिदम’चं ‘रिडिम’ झालं. पण अर्थ पुढे निघून गेला. तिथे रिडिम म्हणजे एखाद्या गाण्याची शब्द आणि गळा वगळून उरलेली बैठक: ड्रम, बेस (खर्जातले सूर) आणि असलेच तर वरचे दोन-चार सूर. ही बैठक एकदा तयार झाली की निर्माता तिच्यावर एकामागून एक गायक गाऊन घेतो.

‘दिवाळी’ हे त्याचं छान उदाहरण. स्टीव्हन ‘लेंकी’ मार्सडनने केलेला हा रिडिम. टाळ्यांचा तो आडवा-तिडवा ठोका एकदा ऐकला की विसरत नाही. त्याच्यावर शॉन पॉलचं ‘गेट बिझी’ आहे, जे मे २००३ मध्ये अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पहिलं आलं. वेन वंडरचं ‘नो लेटिंग गो’ हे प्रेमगीतही त्याच्यावरच, आणि बाउंटी किलरचं गरिबांच्या हालांवरचं ‘सफरर’ही. नाव आपल्या सणाचं असलं तरी या गाण्यांत पणती शोधू नये!

आता ‘चाल’. तुकोबांचा एकच अभंग दोन चालींत म्हणता येतो, किंवा एका चालीवर दहा अभंग बसतात. दोन्हीकडे चाल म्हणजे गळ्यातून निघणारी सुरावट. शॉन पॉल आणि वेन वंडर यांची सुरावटच तर वेगळी आहे! म्हणजे रिडिममध्ये जे बदलतं त्यालाच आपण चाल म्हणतो. हा शब्द इथे साफ उलटा पडेल.

‘ठेका’ जवळ येतो, पण त्यात बेसचे सूर मावत नाहीत. १९८५ च्या ‘स्लेंग टेंग’ या रिडिमची तर ओळखच कॅसिओच्या छोट्या कीबोर्डमधल्या बेसमध्ये आहे. मला सर्वांत जवळचा वाटतो तो ‘लेहरा’. एकल तबलावादनात हार्मोनियम किंवा सारंगीवर एकच ओळ घोळत राहते आणि वादक तिच्यावर आपलं म्हणणं मांडतो. फरक इतकाच, की लेहऱ्यात सूर स्थिर आणि ताल खेळतो. रिडिममध्ये ताल-बेस स्थिर आणि गळा खेळतो. समजावून सांगायला लेहरा उत्तम, पण प्रतिशब्द म्हणून लादू नये, तबलजी हसतील.

तेव्हा ‘रिडिम’च लिहावं. ‘रिदम’ही नको, कारण आपल्या ऑर्केस्ट्रावाल्यांनी तो शब्द आधीच ढोलकी-ऑक्टोपॅडवाल्यांना देऊन टाकलाय. लिंग मी पुल्लिंगी धरतो, ताल आणि ठेक्याच्या पंगतीत: ‘तो रिडिम’, ‘रिडिमवर गायलं’.

जाता जाता त्याच मुलखातला आणखी एक फसवा शब्द. जमैकात ‘डीजे’ म्हणजे रिडिमवर माईकवरून तालात बोलणारा कलाकार. तबकड्या लावणारा तो ‘सिलेक्टर’. आपल्याकडे डीजे म्हणजे मिरवणुकीतली ट्रकभर भिंत. त्यामुळे ‘डीजे बाउंटी किलर’ असं भाषांतर करताना एक तळटीप जरूर टाका.